कुस्को ते पुनो : एका दिवसाचा मार्ग आणि तीन भाषांचे थर

प्राचीन अवशेष आणि भाषा यांचा संबंध जितका सरळ मानला जातो तितका तो सरळ नसतो. एखाद्या प्रदेशात भव्य वास्तू उभ्या आहेत आणि त्याच प्रदेशात आज एक विशिष्ट भाषा बोलली जाते, एवढ्यावरून ती भाषा त्या वास्तू उभारणाऱ्यांचीच असली पाहिजे, असा निष्कर्ष काढण्याचा मोह पुष्कळदा अभ्यासकांनाही आवरत नाही. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाच्या बाबतीत हा मोह विशेष प्रबळ आहे. इंका हे क्वेचुआ बोलणारे लोक. कुस्को ही त्यांची राजधानी. म्हणून कुस्को हेच क्वेचुआ भाषेचे माहेर, असे समीकरण सर्वत्र रूढ झालेले आहे. भाषाशास्त्राला हे समीकरण मान्य नाही. ते का मान्य नाही, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

या विवेचनासाठी कुस्कोहून तितिकाका सरोवराच्या काठावरील पुनो या शहरापर्यंत जाणारा रस्ता फार सोयीचा आहे. अंतर सुमारे ३९० किलोमीटर. सकाळी कुस्कोहून निघालेली प्रवासी बस वाटेतील अवशेषांपाशी व गावांत थांबत थांबत संध्याकाळपर्यंत पुनोला पोचते. कुस्को समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आहे, तर पुनो सुमारे ३,८०० मीटरांवर; मधली ला राया ही खिंड ४,३०० मीटरांच्याही वर जाते. इंकांच्या राज्याचा कोल्यासुयु हा दक्षिणेकडील विभाग याच दिशेला पसरलेला होता आणि त्यांचा राजमार्गही याच खोऱ्यातून जात असे. त्यामुळे या मार्गावरील मुक्कामांचा क्रम हाच आपल्या विवेचनाचा क्रम ठेवणे शक्य आहे. प्रत्येक ठिकाणी भाषिक पुराव्याचा एकेक वेगळा प्रकार आढळतो, हे पुढे दिसून येईल.

प्रारंभी क्वेचुआविषयी एक स्पष्टीकरण आवश्यक आहे. क्वेचुआ ही एक भाषा नसून ते एक भाषाकुल आहे. गॅरी पार्कर यांनी १९६३ साली आणि अल्फ्रेदो तोरेरो यांनी १९६४ साली, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, या कुलाचे दोन मुख्य शाखांत वर्गीकरण केले. त्या वर्गीकरणातून एक महत्त्वाची गोष्ट उघड झाली. बोलीबोलींतील भेद सर्वांत तीव्र आहेत ते कुस्कोच्या परिसरात नव्हे, तर तेथून शेकडो किलोमीटर वायव्येला, पेरूच्या मध्यवर्ती डोंगराळ प्रदेशात. याउलट कुस्को, आयाकुचो आणि बोलिव्हिया या विस्तीर्ण दक्षिण टापूतील क्वेचुआ त्या मानाने एकजिनसी आहे. ज्या प्रदेशात भाषा दीर्घकाळ नांदली तेथे तिचे भेद वाढतात, आणि जेथे ती अलीकडे पसरली तेथे ते थोडे असतात, हे बोलीभूगोलाचे परिचित तत्त्व येथे लावले असता क्वेचुआचे मूळस्थान मध्य पेरूमध्ये शोधावे लागते. कुस्कोला ती बाहेरून आली असे मानावे लागते. इंकांनी तिचा राज्यकारभारासाठी उपयोग केला हे खरे. परंतु जी भाषा आधीच दूरवर व्यवहारात होती तिचा त्यांनी स्वीकार केला, असेच बहुतेक अभ्यासकांचे मत आहे.

मग कुस्कोच्या राजघराण्याची स्वतःची भाषा कोणती होती? गार्सिलासो दे ला वेगा याची आई इंका राजकुळातील होती. १६०९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने असे नमूद केले आहे की, इंकांची आपसांत बोलण्याची एक खास भाषा होती आणि ती इतरांना शिकण्याची मुभा नव्हती. ‘कोस्को’ हे नगरनाम त्याच भाषेतले असून त्याचा अर्थ ‘नाभी’ असा आहे, असेही तो सांगतो. हा अर्थ आज सर्वतोमुखी झाला आहे. रोदोल्फो सेर्रोन-पालोमिनो या पेरूच्या भाषाशास्त्रज्ञाने मात्र हे नाव आयमारा भाषेतील ‘घुबड’ या अर्थाच्या शब्दाशी जोडले असून, इंकांच्या उत्पत्तिकथेतील पंख फुटलेला भाऊ ज्या खडकावर जाऊन बसला त्या खडकाचे ते नाव असावे, असे प्रतिपादन केले आहे. दोन्ही अर्थांत एक गोष्ट समान आहे, तिकडे लक्ष द्यावयास हवे : क्वेचुआच्या राजधानीचे नाव या दोघांपैकी कोणीच क्वेचुआ शब्द म्हणून समजावून देत नाही.

कुस्को सोडल्यावर सुमारे तीस किलोमीटरांवर पिकिल्याक्ता नावाचे अवशेष लागतात. काटकोनात आखलेल्या गल्ल्या आणि उंच भिंतींची शेकडो दालने असलेले हे नगर इंकांचे नव्हे. ते वारी संस्कृतीचे आहे आणि त्याचा काळ स्थूलमानाने इ. स. ६०० ते १००० असा धरला जातो. म्हणजे इंका साम्राज्याच्या कितीतरी आधीचा. ‘पिकिल्याक्ता’ या नावाचा क्वेचुआतील अर्थ मात्र अगदी स्वच्छ आहे : ‘पिकि’ म्हणजे पिसू, ‘ल्याक्ता’ म्हणजे गाव. पिसवांचे गाव! नगर वसविणाऱ्यांनी आपल्या नगराला असे नाव ठेवले असेल हे संभवत नाही. ओसाड पडलेल्या भिंती पाहून उत्तरकालीन लोकांनी दिलेले हे नाव आहे. शेजारच्या रुमिकोल्का या दगडी वेशीचीही तीच गोष्ट. ‘रुमि’ म्हणजे दगड आणि ‘कोल्का’ म्हणजे कोठार. परंतु ती वास्तू कोठार नसून वारी काळातील जलवाहिनीचा आणि प्रवेशद्वाराचा भाग आहे. इंकांनी तिला पुढे घडीव दगडांचा दर्शनी मुलामा दिला.

या पहिल्या थांब्यावरचा धडा असा की, अवशेषाचे नाव हे नाव देणाऱ्याच्या भाषेचा पुरावा असते; अवशेष बांधणाऱ्याच्या भाषेचा नव्हे. वारी लोक कोणती भाषा बोलत, याविषयी आज दोन पक्ष आहेत. एक पक्ष त्यांच्या विस्ताराबरोबर आयमारा पसरली असे मानतो, तर दुसरा पक्ष क्वेचुआच्या पहिल्या मोठ्या प्रसाराचे श्रेय त्यांना देतो. पिकिल्याक्ता हे नाव या वादात कोणत्याच पक्षाच्या कामी येत नाही.

पुढे आंदावाईलियास हे लहानसे गाव आहे. त्याच्या नावातच एक लहान भाषेतिहास सामावलेला आहे. ‘अंता’ म्हणजे तांबे, ‘वाईल्या’ म्हणजे कुरण. या क्वेचुआ समासाला शेवटी स्पॅनिश भाषेचा लघुत्वदर्शक प्रत्यय लागला आहे, कारण आंदावाईलास या नावाचे मोठे गाव दुसऱ्या प्रांतात आहे. प्रवासी येथे थांबतात ते चित्रांनी भरलेले चर्च पाहण्यासाठी. भाषाभ्यासकाने मात्र बाप्तिस्म्याच्या दालनाच्या दाराकडे आधी पाहावे. बाप्तिस्मा देताना उच्चारावयाचे विधिवाक्य तेथे पाच भाषांत रंगविलेले आहे : लॅटिन, स्पॅनिश, क्वेचुआ, आयमारा आणि पुकीना. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात येथे हुआन पेरेस बोकानेग्रा हा धर्मगुरू होता. त्याचा क्वेचुआ व स्पॅनिश भाषांतील विधिग्रंथ १६३१ साली लिमा येथे छापला गेला. चार आवाजांसाठी रचलेले एक क्वेचुआ स्तोत्र स्वरलिपीसह त्यात आहे.

या पाच भाषांतील पाचवी आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. सोळाव्या शतकातील कागदपत्रांत क्वेचुआ आणि आयमारा यांच्या बरोबरीने पुकीना ही पेरूची तिसरी मोठी भाषा म्हणून उल्लेखिलेली आढळते. असे असता धर्मसभेच्या आश्रयाने १५८४ साली जी प्रश्नोत्तरी छापली गेली, आणि जी दक्षिण अमेरिकेत छापलेले पहिले पुस्तक म्हणून प्रसिद्ध आहे, ती स्पॅनिश, क्वेचुआ आणि आयमारा या तीनच भाषांत निघाली. क्वेचुआचे पहिले व्याकरण दोमिंगो दे सांतो तोमास याने १५६० सालीच प्रसिद्ध केले होते. आयमाराचा मोठा कोश लुदोविको बेर्तोनिओ याने १६१२ साली सिद्ध केला. पुकीनाच्या वाट्याला असे काहीच आले नाही. जेरोनिमो दे ओरे याने १६०७ साली नेपल्स येथे छापलेल्या विधिग्रंथातील काही प्रार्थना, एवढाच तिचा म्हणण्यासारखा लिखित अवशेष. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत ती बोलण्यातून नाहीशी झाली. बोलिव्हियातील कल्यावाया वैदूंच्या गुप्त भाषेत क्वेचुआ प्रत्ययांच्या सांगाड्यावर पुकीना शब्द टिकून राहिले आहेत, ही तिची शेवटची खूण. सेर्रोन-पालोमिनो यांच्या मते गार्सिलासोने उल्लेखिलेली इंकांची खास भाषा म्हणजे मुळात ही पुकीनाच होय. हे मत सर्वांनी स्वीकारलेले नाही. परंतु ते ग्राह्य ठरल्यास, ज्यांचे नाव क्वेचुआशी कायमचे जोडले गेले त्या राजकुळाची मूळ भाषा जवळजवळ कागदाविना मेली, असे म्हणावे लागेल.

विल्कानोता नदीच्या काठाने वर चढत जाणारा रस्ता पुढे तिंता या गावावरून जातो. १७८० साली येथील प्रांतात दुसऱ्या तुपाक आमारूच्या नेतृत्वाखाली स्पॅनिश सत्तेविरुद्ध मोठा उठाव झाला. १७८१ सालच्या मे महिन्यात त्याला कुस्कोच्या चौकात देहान्त शासन देण्यात आले. त्या शिक्षेच्या हुकमात केवळ देहदंडच नव्हता. इंकांचा पोशाख, त्यांच्या स्मृतीचे नाट्यप्रयोग आणि क्वेचुआ भाषा यांचाही त्याग करण्याची आज्ञा होती. धर्मप्रसारासाठी ज्या सत्तेने दोन शतके क्वेचुआला आश्रय दिला, तीच आता तिला राजद्रोहाचे साधन समजू लागली. क्वेचुआची व्याप्ती जशी सत्तेने वाढविली, तसा तिचा संकोचही सत्तेनेच केला.

तिंताच्या पुढे राक्ची येथे विराकोचा देवाचे मंदिर आहे. सुमारे ९२ मीटर लांबीच्या या वास्तूची मधली भिंत अद्याप उभी आहे. तिचा पाया घडीव दगडाचा असून वरचा भाग कच्च्या विटांचा आहे. बाजूला गोल आकाराच्या कोठारांच्या रांगा आहेत. हुआन दे बेतान्सोस याने १५५१ साली लिहिलेल्या वृत्तान्तात विराकोचाने येथे आकाशातून अग्नी पाडल्याची कथा येते. जवळच्या ज्वालामुखीच्या काळ्या दगडांवरून ती सुचली असावी हे सहज समजते.

‘विराकोचा’ या शब्दाचा अर्थ ‘समुद्राची चरबी’, म्हणजे फेस, असा स्पॅनिश लोक करीत. ‘विरा’ म्हणजे चरबी आणि ‘कोचा’ म्हणजे सरोवर किंवा समुद्र. गार्सिलासोने यावर घेतलेला आक्षेप कोणत्याही व्युत्पत्तिशास्त्रज्ञाने लक्षात ठेवावा असा आहे. क्वेचुआत विशेषण किंवा षष्ठ्यन्त पद विशेष्याच्या आधी येते, जसे ते मराठीतही येते. तेव्हा हा समास मानला तर त्याचा अर्थ ‘चरबीचा समुद्र’ असा होईल, ‘समुद्राची चरबी’ असा कधीच होणार नाही; म्हणून हे सामासिक पद नसून केवळ विशेषनाम आहे, असे त्याचे म्हणणे. शब्दांचे ध्वनी जुळले एवढ्याने व्युत्पत्ती सिद्ध होत नाही. तिला व्याकरणाच्या कसोटीवर उतरावे लागते.

हीच कसोटी नदीच्या नावाला लावून पाहू. ‘विल्कानोता’ हे नाव क्वेचुआच्या आधारे नीट फोडता येत नाही. आयमाराच्या आधारे मात्र ते निःशेष उलगडते : ‘विल्का’ म्हणजे सूर्य, ‘ना’ हा षष्ठीचा प्रत्यय, ‘उता’ म्हणजे घर, सूर्याचे घर. आज आयमारात सूर्याला ‘इंति’ म्हणतात. परंतु पूर्वी त्याला ‘विल्का’ म्हणत असत, अशी स्पष्ट नोंद बेर्तोनिओच्या कोशात आहे. ला राया खिंडीजवळ विल्कानोता याच नावाचे प्रसिद्ध देवस्थान होते आणि नदीचा उगमही तेथलाच. नाव, प्रत्यय, जुन्या कोशाची साक्ष आणि स्थळाचे महात्म्य या चारही गोष्टी येथे एकत्र येतात. घराला क्वेचुआत ‘वासी’ म्हणतात. क्वेचुआ भाषकांनी हे नाव घडविले असते तर त्यात ‘उता’ आले नसते. शब्द उसना जाऊ शकतो, पण शब्द आणि विभक्तिप्रत्यय एकत्र सापडले की त्या ठिकाणी ती भाषा बोलणारी माणसे नांदत होती असे मानणे भाग पडते. आज पूर्णतः क्वेचुआ असलेल्या या खोऱ्यात एके काळी आयमारा बोलली जात होती, असे ही नदी सांगते.

कुस्कोच्या क्वेचुआतील ध्वनिव्यवस्थाही याच दिशेने बोट दाखविते. तिच्यात स्पर्शवर्णांचे तीन प्रकार आहेत : अल्पप्राण, महाप्राण आणि कंठद्वार मिटून झटक्याने उच्चारलेले. ‘तांता’ म्हणजे समुदाय, ‘थांता’ म्हणजे जीर्ण, आणि तिसऱ्या प्रकारच्या ‘त’ने आरंभ होणारा ‘त’आंता’ म्हणजे भाकरी. पहिल्या दोहोंतील भेद मराठी कानाला सवयीचा आहे. तिसरा शिकावा लागतो. आयमारातही नेमके हेच तीन प्रकार आहेत, आणि शेजारच्या आयाकुचोच्या क्वेचुआत ते नाहीत. आयमाराच्या सहवासाने कुस्कोच्या बोलीत हे ध्वनी आले, असे अनेक अभ्यासक मानतात. ते मूळ क्वेचुआतलेच असावेत असे मानणाराही एक पक्ष आहे. नदीनामाची साक्ष जमेस धरता पहिल्या पक्षाला अधिक बळ मिळते.

सिकुआनी हे बाजाराचे गाव मागे टाकून बस ला राया खिंडीत पोचते. हा जलविभाजक आहे. मागे राहिलेले पाणी विल्कानोतातून अखेर अमेझॉनला मिळते. पुढचे पाणी तितिकाकाच्या बंदिस्त खोऱ्यात उतरते. भूगोलाची ही रेषा भाषेचीही सीमा असेल अशी अपेक्षा साहजिक आहे, पण ती खोटी ठरते. खिंडीच्या दोन्ही बाजूंना क्वेचुआच बोलली जाते. पर्वत भाषांना अडवितात हे विधान आपण जितक्या निःशंकपणे करतो तितके ते निरपवाद नाही. ज्या खिंडीतून राजमार्ग, लामांचे तांडे आणि पुढे पोतोसीच्या खाणींकडे वेठीला नेलेले मजूर जात राहिले, ती खिंड भाषांना जोडणारीच ठरली.

पठारावर उतरल्यानंतर पुकारा लागते. इसवी सनाच्या आरंभाच्या मागेपुढे येथे एक संपन्न संस्कृती नांदत होती. तिचे कोरीव दगड गावातील संग्रहालयात ठेवले आहेत. ‘पुकारा’ म्हणजे किल्ला. हा शब्द क्वेचुआतही आहे आणि आयमारातही. या दोन कुलांत असे समान शब्द पुष्कळ आहेत. हजारो वर्षांच्या शेजारामुळे त्यांपैकी कोणता कोणी कोणाकडून घेतला हे ठरविणे फार कठीण झाले आहे. म्हणून असे नाव हाती आले असता त्यावरून काहीच सिद्ध होत नाही, हे मान्य करून पुढे जावे. रूप एक आणि अर्थ भिन्न अशीही उदाहरणे आहेत : ‘उमा’ म्हणजे आयमारात पाणी, तर क्वेचुआत डोके. ज्या नावात हा शब्द दिसतो तेथे आधी झरा पाहावा की शिखर पाहावे, हे केवळ कोश उघडून ठरत नाही.

हुलियाका ओलांडून संध्याकाळी आपण पुनोला येतो, आणि येथे भाषांची सीमा प्रत्यक्ष जिवंत स्वरूपात भेटते. स्थूलमानाने पुनोच्या उत्तरेला क्वेचुआ, दक्षिणेला आयमारा. सरोवरातील ताकिले आणि आमान्तानी बेटांवर क्वेचुआ बोलली जाते. लव्हाळ्यांच्या तरत्या बेटांवर राहणारे उरू लोक आज आयमारा बोलतात. उरूंची स्वतःची भाषा येथे लुप्त झाली आहे. तिची सगोत्र चिपाया भाषा बोलिव्हियात अजून बोलली जाते. चिपाया लोक आपल्या भाषेलाही ‘पुकीना’ म्हणत आले, आणि केवळ या नामसाम्यामुळे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात काही विद्वानांनी उरू व पुकीना या सर्वस्वी भिन्न भाषा एकच मानल्या. भाषेचे नाव हेही शेवटी एक नावच आहे. त्याच्याबाबतही पिकिल्याक्ताच्या वेळी घेतलेली सावधगिरी बाळगावी लागते.

या दोन्ही जिवंत भाषांचे एक वैशिष्ट्य येथे सांगण्याजोगे आहे. वक्त्याला माहिती कोठून मिळाली, हे त्यांच्या व्याकरणातच व्यक्त होते. कुस्कोच्या क्वेचुआत ‘पाराशान्मि’ म्हणजे पाऊस पडत आहे, हे मी स्वतः जाणतो; ‘पाराशान्सि’ म्हणजे पाऊस पडत आहे म्हणे; ‘पाराशान्चा’ म्हणजे पडत असावा. मराठीतील ‘म्हणे’ हा अव्ययवत् शब्द दुसऱ्या प्रकाराच्या पुष्कळ जवळ जातो. पाहिलेले, ऐकलेले आणि तर्काने जाणलेले यांत इतका काटेकोर भेद करणाऱ्या भाषांचा इतिहास लिहिताना निदान तेवढा काटेकोरपणा अभ्यासकानेही पाळावा, ही अपेक्षा गैर नव्हे.

तो पाळला असता या एका दिवसाच्या मार्गाचा निष्कर्ष पुढीलप्रमाणे मांडता येतो. बोलीभेदांच्या वाटणीवरून क्वेचुआ ही कुस्कोला बाहेरून आली, हे सिद्धप्राय आहे. विल्कानोताच्या नावावरून त्या खोऱ्यात पूर्वी आयमारा होती, हे बळकट अनुमान आहे. राजकुळाची मूळ भाषा पुकीना होती, हे संभाव्य मत आहे. आणि वारी किंवा पुकारा येथील लोकांची भाषा कोणती, याविषयी तेथील स्थळनामे मौन बाळगतात. या चार विधानांचा दर्जा एक नाही, आणि तो एक समजण्यातूनच आरंभी सांगितलेले समीकरण जन्माला येते.

महाराष्ट्रातील अभ्यासकाला हा विषय परका वाटू नये. ग्रामनामे हा इतिहासाचा पुरावा आहे हे वि. का. राजवाडे यांनी आग्रहाने सांगितले; आपल्या ग्रामनामांतील कानडी अंशांवरून शं. बा. जोशी यांनी उभा केलेला वाद सुपरिचित आहे. त्या वादातही शब्दसाम्य कोठे संपते आणि प्रत्ययाची साक्ष कोठे सुरू होते, हाच निर्णायक प्रश्न आहे.

एक गोष्ट मात्र केवळ पद्धतीची नाही. पेरूने १९७५ साली क्वेचुआला राजभाषेचा दर्जा दिला; १९९३ च्या राज्यघटनेने ज्या प्रदेशांत स्थानिक भाषांचे प्राबल्य आहे तेथे त्या अधिकृत मानल्या. २०१७ च्या जनगणनेत सुमारे ३७ लाख लोकांनी क्वेचुआ आणि सुमारे साडेचार लाख लोकांनी आयमारा ही आपली मातृभाषा असल्याचे सांगितले. ‘इंकांची भाषा’ हे बिरुद क्वेचुआला प्रतिष्ठा देते हे खरे, परंतु त्याच बिरुदाने आयमारा दुय्यम ठरते आणि पुकीना अदृश्य होते. भाषेच्या संरक्षणासाठी तिला साम्राज्याची वंशावळ जोडण्याची गरज नाही. ती आज बोलली जाते, एवढे कारण पुरेसे आहे. पुकीनाच्या बाबतीत ते कारण उरले नाही, आणि म्हणून आंदावाईलियासच्या दारावरील ती एक रंगविलेली ओळ आज कोणत्याही दगडी भिंतीइतकीच मोलाची आहे.